कॉक्लिअर इम्प्लांट टीमची एक दिवसाची केस-सभा: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे बहिऱ्या मुलाच्या आतल्या कानात ऐकण्याचं उपकरण बसवण्याचं, ऑपरेशन मुंबईत किंवा पुण्यात होतं, आणि मूल राहतं सांगोल्याला, चिपळूणला किंवा साकोलीला. सर्जन एका शहरात, मॅपिंग करणारे, म्हणजे त्या उपकरणाच्या आवाजाच्या पातळ्या (मॅप) मुलाला जुळवून देणारे ऑडिओलॉजिस्ट दुसऱ्या शहरात, आणि आठवड्यातून दोनदा त्या मुलासमोर बसून त्याला ऐकायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट ताई तिसऱ्याच गावात. एकाच मुलावर काम करणाऱ्या या तिघांची वर्षानुवर्षं गाठ पडत नाही. फाइलमधून जेवढं कळेल तेवढंच एकमेकांना कळतं, आणि फाइल बहुतेक वेळा आईच्या पिशवीत असते.

कॉक्लिअर इम्प्लांट ग्रुप ऑफ इंडियाची सिगीकॉन ही वार्षिक परिषद आहे, आशिया-पॅसिफिकची परिषद आहे, परदेशातल्याही आहेत. जमेल तेव्हा तिथे जरूर जावं. नवे इलेक्ट्रोड (कानाच्या आत नसेला विजेचे संकेत देणारे बिंदू), नवे प्रोसेसर (बाहेरून लावायचं मशीन), गुंतागुंतीच्या कानांची ऑपरेशनं, हे सगळं तिथे एका ठिकाणी बघायला मिळतं. पण आपल्या जिल्ह्यातल्या एका मुलाच्या मॅपवर पाऊण तास डोकं घालायला तिथे कोणाला सवड नसते, आणि तशी अपेक्षाही नाही. ते काम छोट्या सभेचं. चाळीस-पन्नास माणसं, एकच सभागृह, एकच दिवस आणि समोर खऱ्या केसेस. मी स्वतः ऑडिओलॉजिस्ट आहे आणि अशा सभांच्या तयारीत राबत आले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणालाही भरवता यावी एवढ्या तपशिलाने ही पद्धत इथे मांडते.

आधी प्रश्न ठरवा, मग वक्ते

"कॉक्लिअर इम्प्लांटमधील नवे प्रवाह" असा विषय ठेवला की भाषणं होतात, टाळ्या पडतात आणि सोमवारी क्लिनिकमध्ये काहीच बदलत नाही. त्याऐवजी क्लिनिकमध्ये रोज आपल्याला अडवणारा एक प्रश्न घ्या. पहिल्या सभेसाठी मी नेहमी हाच सुचवते: "इम्प्लांट होऊन दीड वर्ष झालं, मूल अजून बोलत नाही. का?"

या प्रश्नाची ताकद अशी की त्याचं उत्तर कोणा एकाकडे नसतं. आतल्या उपकरणात बिघाड असू शकतो. मॅप चुकीचा असू शकतो. मशीन दिवसातून तीनच तास लावलं जात असेल. थेरपी सुटली असेल. श्रवणाची नस बारीक असेल, ऑडिटरी न्यूरोपथी (कानातले संकेत नसेतून मेंदूकडे नीट न पोचणं) असेल, ऑटिझम असेल आणि तो कोणाच्या लक्षात आला नसेल. सर्जन, ऑडिओलॉजिस्ट, थेरपिस्ट, बालरोगतज्ज्ञ, शाळेतल्या बाई, सगळ्यांना बोलावंच लागतं.

पुढच्या सभांसाठी विषय भरपूर आहेत. मेंदूज्वरानंतर आलेलं बहिरेपण हा एक: तिथे शंखात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, हाड भरत जातं, त्यामुळे घाई करावी लागते. साठीनंतर ऐकू येणं गेलेल्यांचं इम्प्लांट हा दुसरा. कानाची पाळी आणि नळी जन्मतः नसलेल्या मुलांसाठी हाडातून ध्वनी पोचवणारी उपकरणं हा तिसरा. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९७७ साली अशी उपकरणं कवटीच्या हाडात बसवायला सुरुवात झाली, तरी आपल्याकडे छोट्या गावांतल्या डॉक्टरांना अजूनही माहीत नसतं की लहान बाळाला तेच उपकरण ऑपरेशनशिवाय, कापडी पट्ट्यावर लावता येतं. प्रत्येक विषयाला स्वतंत्र दिवस द्या. एका दिवसात दोन विषय घातले की दोन्ही अर्धे राहतात.

कोणाला बोलवायचं

कान-नाक-घसा सर्जन, ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि एव्हीटी (ऐकण्यातून बोलणं शिकवणारी थेरपी) करणारे हे तर हवेतच. त्यांच्या जोडीला ही माणसं विसरू नका: जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचे कर्मचारी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले डॉक्टर, कर्णबधिर शाळांचे शिक्षक, एखादा रेडिओलॉजिस्ट, दोन-तीन बालरोगतज्ज्ञ. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मजात बहिरेपण त्याच्या तपासणीच्या यादीत आहे, आणि अंगणवाडीत पोचणारी माणसं हीच. जन्मानंतर एका महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, हे जगभर मानलं गेलेलं वेळापत्रक गाठायचं असेल तर ते यांच्याच हातून गाठलं जाणार आहे.

सर्जन एकूण उपस्थितांच्या एक तृतीयांशाहून जास्त नकोत. हे मी आदर राखूनच लिहिते. सर्जन बहुसंख्य झाले की चर्चा आपोआप ऑपरेशनकडे वळते, आणि थेरपिस्ट मागच्या रांगेत गप्प बसून राहतात. तारीखही आधी थेरपिस्टना विचारा, मग सर्जनना.

तारीख, मान्यता आणि पैसे

रविवार बरा. जानेवारी-फेब्रुवारीत कान-नाक-घसा आणि स्पीच-हिअरिंग संघटनांच्या राष्ट्रीय परिषदांची गर्दी असते, ते दिवस टाळा. २५ फेब्रुवारी हा इम्प्लांट दिन आणि ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. त्या आठवड्यात सगळी रुग्णालयं शिबिरांत आणि प्रभातफेऱ्यांत अडकलेली असतात. जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचा नोव्हेंबर सोयीचा पडतो. कोकणातली माणसं यायची असतील तर जुलैही नको, घाट बंद पडतात.

क्रेडिट पॉइंटसाठी दोन वेगळे अर्ज लागतात. डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि ऑडिओलॉजिस्ट, थेरपिस्ट व विशेष शिक्षकांसाठी भारतीय पुनर्वसन परिषद. दोन्हीकडे नोंदणीच्या नूतनीकरणाला हे पॉइंट लागतात. बरेच आयोजक फक्त पहिला अर्ज करतात, आणि मग सरकारी नोकरीतल्या थेरपिस्टना रजा मिळत नाही. तीन-चार महिने आधी दोन्ही अर्ज टाका आणि मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच पत्रिकेत पॉइंट छापा.

पैशांचं थोडक्यात सांगते. वैद्यकीय महाविद्यालयाचं सभागृह मिळालं तर खर्च मुख्यतः जेवण, ध्वनिव्यवस्था आणि एक-दोन पाहुण्यांचा प्रवास एवढाच. माफक नोंदणी शुल्कात तो निघतो. इम्प्लांट कंपन्या मदत द्यायला तयार असतात. ती घ्यायची तर आधी २०२४ ची वैद्यकीय उपकरणांच्या विपणनाची केंद्राची संहिता वाचून घ्या. प्रतिनिधींच्या प्रवासाचा, हॉटेलचा खर्च कंपनीकडून नकोच. सगळ्या कंपन्यांना सारखंच टेबल, सारखीच जागा, आणि केसेस निवडण्यात कोणाचाही हात नाही. प्रत्येक वक्त्याने पहिल्या स्लाइडवर आपला कोणत्या कंपनीशी काय संबंध आहे ते लिहावं. पालक सभागृहात असतील तेव्हा तर हे फारच महत्त्वाचं. "कोणती कंपनी घेऊ?" हा प्रश्न ते विचारणारच, आणि उत्तर देणारा कुठून बोलतो आहे हे त्यांना कळायला हवं.

सभागृह: टाळी वाजवून बघा

श्रवणतज्ज्ञांच्या सभेला इम्प्लांट लावलेला पाहुणा येतो आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये त्याला निम्मं बोलणं कळत नाही, असं मी पाहिलं आहे. असं होऊ द्यायचं नाही. सभागृह ठरवायला जाल तेव्हा रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. आवाज लगेच विरला तर ठीक. भिंतींवर आपटत मागे रेंगाळला तर दुसरं सभागृह बघा, किंवा जाड पडदे आणि सतरंज्या घालता येतील का ते विचारा. वर्गखोल्यांसाठीचं अमेरिकी मानक घुमणं ०.६ सेकंदाच्या आत आणि रिकाम्या खोलीतला गोंगाट ३५ डेसिबलच्या आत ठेवायला सांगतं. आपल्याकडचं मंगल कार्यालय यात कधीच बसत नाही. मजला, भिंती, छत सगळं गुळगुळीत, वर पंख्यांची घरघर. महाविद्यालयाचा उताराचा लेक्चर हॉल त्यापेक्षा कितीतरी बरा.

मग या चार गोष्टी करा. बोलणाऱ्या प्रत्येकाने माइकवरच बोलायचं, प्रश्न विचारणाऱ्यानेही. "माझा आवाज पोचतो" म्हणणाऱ्याला सूत्रसंचालकाने नम्रपणे थांबवायचं. प्रोसेसरला थेट जोडला जाणारा बिनतारी छोटा माइक असेल तर तो वक्त्याच्या कॉलरला लावा, म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या इम्प्लांटधारकाच्या मशीनमध्ये आवाज सरळ जातो. वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड राहू द्या. स्लाइडसाठी सगळे दिवे घालवले की ओठ दिसत नाहीत. आणि बोललेलं पडद्यावर मराठीत उमटेल अशी सोय करा. फोनवरचं मराठी श्रुतलेखन बरंचसं बरोबर येतं. तांत्रिक शब्दांसाठी एक विद्यार्थी शेजारी बसवून दुरुस्त करत राहिलं तरी चालतं.

केसेस मागवणं

सभेचा जीव इथे आहे, म्हणून याला सहा-सात आठवडे द्या. सगळ्यांना एक पानी नमुना पाठवा आणि तो हाताने भरला तरी चालेल असं स्पष्ट सांगा. त्यात हे हवं:

बहिरेपण कितव्या महिन्यात लक्षात आलं, कोणाच्या लक्षात आलं, आणि बेरा-ओएई या श्रवणाच्या तपासण्या कधी झाल्या. श्रवणयंत्र लावून बघितलं का, किती दिवस. सीटी आणि एमआरआयमध्ये शंख आणि श्रवणाची नस कशी दिसली. ऑपरेशन कितव्या वर्षी, कोणत्या बनावटीचं उपकरण, इलेक्ट्रोड पूर्ण आत गेला का. स्विच-ऑनची, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू केल्याची तारीख. पहिला मॅप आणि अगदी ताजा मॅप. इम्पीडन्सचे (प्रत्येक इलेक्ट्रोडच्या विद्युत-अवरोधाचे) आकडे. प्रोसेसरने स्वतः नोंदवलेले रोजच्या वापराचे तास. मशीन लावून काढलेला ऑडिओग्राम. साधारण २५ ते ३० डेसिबलच्या आसपास पट्टा अपेक्षित असतो. ऐकण्याची पातळी शून्य ते सात आणि मुलाचं बोलणं इतरांना कितपत कळतं ते एक ते पाच, या नॉटिंगहॅमच्या दोन मोजपट्ट्या. त्या भरायला पाच मिनिटं लागतात आणि मराठी मुलांनाही चालतात.

शेवटचे दोन प्रश्न मात्र बहुतेक नमुन्यांत नसतात, ते आवर्जून घाला. घरी कोणती बोली बोलतात? आणि दिवसभर मुलाजवळ कोण असतं? अहिराणी बोलणाऱ्या आजीकडे दिवसभर राहणाऱ्या मुलाला थेरपीत पुस्तकी मराठी ऐकवली, तर त्याचे ऐकण्याचे तास दोन वेगळ्या शब्दांत विभागले जातात. आजीला थेरपीला बोलवावं लागतं. हे कळलं की निम्मा सल्ला तिथेच बदलतो.

आलेल्यातल्या पाच केसेस निवडा, सहावीचा मोह आवरा. एक तरी केस अशी असू द्या की जिचं सगळं उत्तम झालं. काय केल्याने उत्तम झालं, हेही शोधण्यासारखंच असतं.

मुलाची ओळख पुसा

पालकांची लेखी परवानगी मराठीत घ्या. काय दाखवणार, कोणाला दाखवणार, चेहरा दिसणार की नाही, आणि परवानगी कधीही मागे घेता येते, हे सगळं त्या कागदावर असावं. पालकांना कागद वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागतेच.

मग प्रत्येक स्लाइड नीट तपासा. नाव कुठे कुठे लपलेलं असतं बघा: सीटीच्या फिल्मच्या कोपऱ्यात, ऑडिओग्रामच्या मथळ्यावर, मॅपिंगच्या सॉफ्टवेअरच्या वरच्या पट्टीत, व्हिडिओत आई हाक मारते त्यात, आणि उपकरणाच्या सीरियल नंबरमध्ये. काळी चौकट स्लाइडवर नुसती वर ठेवलेली असेल तर फाइल वाटल्यावर ती कोणीही उचलू शकतं. चित्र कापूनच घाला.

दिवसाची आखणी

नऊला नोंदणी आणि नाश्ता. साडेनऊला थेट पहिली केस. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मान्यवरांची मनोगतं ठेवायचीच असतील तर जेवणाआधी दहा मिनिटांत उरका. सकाळचा सगळ्यात ताजा तास शाल-श्रीफळात गेला की दिवसभर उशीरच होत राहतो.

प्रत्येक केसला पाऊण तास, त्यातली मांडणी फक्त दहा मिनिटं. मांडणाऱ्याने शेवट सांगायचा नाही. जे त्या वेळी माहीत होतं तेवढंच मांडायचं आणि थांबून विचारायचं: "आता तुम्ही काय कराल?" पहिली संधी थेरपिस्टला, मग ऑडिओलॉजिस्टला, सर्जन शेवटी. हा क्रम मी कधीच मोडू देत नाही. मोठ्या डॉक्टरांनी आधी मत दिलं की त्यांच्याविरुद्ध बोलायला तरुण मुली धजत नाहीत.

सकाळी दोन केसेस, मग मॅप-वाचन. जेवण. दुपारी एक केस, पालकांचं सत्र, मग उरलेल्या दोन केसेस. साडेपाचला शेवटचा अर्धा तास निर्णयांसाठी. ऑपरेशनच्या भागाला वीस मिनिटं पुरतात.

मॅप एकत्र वाचणं

माझ्या मते संपूर्ण दिवसातला हा सगळ्यात मोलाचा तास. ज्यांनी कधी मॅपिंगचं सॉफ्टवेअर उघडलेलं नाही अशा थेरपिस्ट आणि शिक्षकांना आधी पाच मिनिटांत सांगा: प्रत्येक इलेक्ट्रोडला एक खालची पातळी, जिथे मुलाला जेमतेम ऐकू येतं, आणि एक वरची पातळी, जिथे आवाज मोठा पण सोसवेल असा. या दोन रेघांच्या मधल्या जागेत सगळं जग बसवायचं असतं. शंखाच्या आतल्या टोकाकडचे इलेक्ट्रोड जाड, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी. शंखाच्या तोंडाशी, गोल खिडकीजवळ असलेले बारीक, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजांसाठी.

मग एक मॅप पडद्यावर लावा आणि सगळ्यांना दोन मिनिटं नुसतं बघू द्या. काय काय शोधायचं?

इम्पीडन्स आधी. एखाद्या इलेक्ट्रोडचा अतिशय जास्त असेल तर तिथे तार तुटल्यासारखं किंवा हवेचा बुडबुडा असल्यासारखं आहे. शेजारच्या दोघांचा अतिशय कमी असेल तर ते एकमेकांना चिकटल्यासारखे. गेल्या तीन भेटींचे आकडे शेजारी ठेवा. एकटा आकडा फारसं सांगत नाही, बदल सांगतो. मग दोन रेघांचा आकार. वरची रेघ खालच्या रेघेची हुबेहूब नक्कल, सगळीकडे सारखंच अंतर, असं दिसलं तर शंका घ्या: बहुधा एक-दोन इलेक्ट्रोडच मोजले आणि बाकीचे ओढून घेतले. नसेच्या प्रतिसादाच्या मोजणीवरून मॅप बसवला असेल तर तेही विचारा. ती मोजणी झोपलेल्या बाळावर फार उपयोगी पडते, पण तिचा उंबरठा कोणाच्या खालच्या पातळीजवळ असतो तर कोणाच्या वरच्या. मुलाच्या वागण्यावरून पडताळा घ्यावाच लागतो.

एका सभेत असाच मॅप पडद्यावर होता. पाच वर्षांची मुलगी. आकडे नीटनेटके, इम्पीडन्स छान, वापर रोज अकरा तास. सगळे म्हणाले मॅप चांगला आहे. तेवढ्यात तिच्या थेरपिस्ट आपली डायरी घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मार्चपर्यंत ती चाचणीतले सहाही आवाज ओळखायची. मार्चनंतर 'स' गेला, 'श' कधी येतो कधी नाही." ऑडिओलॉजिस्टने जुना मॅप काढून शेजारी लावला. फेब्रुवारीअखेरच्या भेटीत आईने सांगितलं होतं की कुकरच्या शिट्टीला मुलगी दचकून मशीन काढून टाकते, म्हणून बारीक आवाजांच्या शेवटच्या इलेक्ट्रोडची वरची पातळी खाली आणली होती. आईची तक्रार खरी होती, केलेला बदलही समजण्यासारखा होता. पण पुढच्या भेटीला तो मागे घ्यायचा राहिला, कारण 'स' गेल्याचं ऑडिओलॉजिस्टपर्यंत पोचलं नव्हतं आणि पातळी उतरवल्याचं थेरपिस्टला कोणी कळवलं नव्हतं. पातळी हळूहळू, प्रोसेसरमध्ये चढत्या क्रमाने चार प्रोग्राम भरून, पुन्हा वर न्यायची असं तिथेच ठरलं.

म्हणून मॅप-वाचनात थेरपिस्टच्या डायरीला मॅपइतकंच स्थान द्या. डॅनियल लिंग यांच्या चाचणीतले सहा आवाज (म, ऊ, आ, ई, श, स) रोज सकाळी मशीन लावल्या लावल्या पाठीमागून ऐकवायचे आणि तारखेसमोर खूण करायची, ही सवय प्रत्येक पालकाला लावता येते. मराठीसाठी त्यात आणखी भर घालावी असं मला वाटतं. 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च, 'जग'मधला ज आणि 'जीभ'मधला ज, 'काल' आणि 'काळ', 'पाट' आणि 'पाठ'. आपल्या भाषेतले हे फरक बारीक आवाजांवर, जिभेच्या वळण्यावर आणि श्वासाच्या झोतावर उभे आहेत. मराठी मुलांसाठी ऐकण्याची प्रमाणित साधनं अजून कमी पडतात. सभेतल्या थेरपिस्टनी आपापल्या भागातले, मुलांच्या रोजच्या ओळखीचे अशा शब्दांच्या जोड्या चित्रांसह आणल्या तर दिवसाअखेर एक उपयोगी यादी तयार होते.

प्रत्यक्ष मॅपिंग दाखवायचं असेल तर मुलाला व्यासपीठावर बसवू नका. शेजारच्या शांत खोलीत, नेहमीच्या खेळण्यांसह, आई आणि ओळखीची ऑडिओलॉजिस्ट यांच्याबरोबर बसवा आणि कॅमेऱ्यातून सभागृहात दाखवा. आवाज आल्यावर मूल काय करतं तिकडे कॅमेरा ठेवा, संगणकाच्या पडद्याकडे नको. हातातला ठोकळा थबकणं, पापणी मिटणं, आईकडे बघणं, चोखणं थांबणं, हेच नव्या ऑडिओलॉजिस्टना शिकायचं असतं.

ऑपरेशनचा भाग

छोट्या सभेत थेट शस्त्रक्रिया मी ठेवत नाही. ऑपरेशन थिएटरवर वेळेचं दडपण येतं, रुग्णाचा धोका वाढतो, आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांना मास्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) ड्रिलिंगमधून काही घेण्यासारखं नसतं. त्यापेक्षा जिथे अडचण आली अशा केसचा, अडचणीची जागा न कापलेला व्हिडिओ दाखवा. चेहऱ्याच्या नसेजवळून मार्ग काढताना काय दिसलं, गोल खिडकी कशी सापडली, शंखाची रचना जन्मतः बिघडलेली असताना आतलं पाणी उसळून आलं तेव्हा काय केलं. शेवटी टेबलावरच केलेली टेलिमेट्री (उपकरण चालतं का आणि नस प्रतिसाद देते का याची मोजणी), म्हणजे ऑडिओलॉजिस्टचं कामही त्यात यावं.

सर्जननी बालरोगतज्ज्ञांना दोन गोष्टी या सत्रात आवर्जून सांगाव्यात: इम्प्लांट होणाऱ्या मुलाचं न्यूमोकोकलचं लसीकरण पूर्ण हवं, आणि पुढे कधी एमआरआय लागला तर आतल्या मॅग्नेटचा प्रकार आधी विचारल्याशिवाय मुलाला मशीनमध्ये घालायचं नाही.

पालक आणि इम्प्लांटधारक

मुलाला माइक देऊन "एक गाणं म्हण बाळा" असं करू नका. पालकांना बोलवायचं ते त्यांच्याकडून शिकायला. दोन-तीन घरं पुरेत, त्यातलं एक असं ज्यांचं मूल मागे पडलं आहे. सूत्रसंचालकाने ठरावीक प्रश्न विचारावेत: मॅपिंगला यायला किती मजुरी बुडते? कॉइलची (डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची) वायर तुटली तेव्हा मूल किती दिवस मशीनशिवाय होतं? थेरपिस्ट काय सांगतात ते घरी कोण करतं? शाळेत मशीन कुठे ठेवलं जातं?

दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून २०१४ पासून लहान मुलांना इम्प्लांट मिळू लागलं, वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याची सूत्रं सांभाळते. हजारो घरांना याने आशा मिळाली. पण वॉरंटी संपल्यावर वायर, कॉइल, बॅटरी, पुढे प्रोसेसर बदलणं, हे सगळं घरावर येतं, आणि नेमक्या त्याच वर्षांत भाषा घडत असते. मूल साडेतीन वर्षांच्या आत ऐकू लागलं तर मेंदूचा श्रवणमार्ग बराचसा नेहमीसारखा वाढतो. तेवढ्यासाठी केलेली सगळी घाई एका तुटलेल्या वायरपायी महिना-दोन महिने वाया जाते. डॉक्टरांनी हे पालकांच्या तोंडून ऐकलं की त्यांचं पुढचं समुपदेशन बदलतं.

मोठ्या वयात इम्प्लांट झालेली एखादी व्यक्तीही बोलवा. पहिल्या महिन्यात माणसांचे आवाज कसे यंत्रातून आल्यासारखे वाटले, फोनवर बोलणं कधी जमलं, गर्दीत अजून काय कळत नाही, हे मूल सांगू शकत नाही, ती व्यक्ती सांगू शकते.

दुरुस्तीचं टेबल

हॉलच्या बाहेर प्रत्येक कंपनीच्या तंत्रज्ञाला टेबल द्या आणि आधीच कळवा की माहितीपत्रकांऐवजी सुटे भाग आणि तपासणीचा संच आणायचा आहे. येणाऱ्या पालकांना आणि थेरपिस्टना बिघडलेली मशीनं घेऊन यायला सांगा. माइकच्या जाळीत साठलेला घाम आणि धूळ, बुरशी आलेले संपर्कबिंदू, आतून तुटलेली पण बाहेरून धडधाकट दिसणारी वायर, यातलं बरंच तिथल्या तिथे सुटतं. थेरपिस्टनी शेजारी उभं राहून शिकून घ्यावं. कोकणातल्या दमट हवेत मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, एवढी एक सवय किती दुरुस्त्या वाचवते ते तंत्रज्ञच सांगतील. जिल्ह्यात तात्पुरते वापरायला दोन-तीन प्रोसेसर ठेवता येतील का, ही बोलणीही याच टेबलावर सुरू करा.

शेवटचा अर्धा तास आणि पुढचे तीन महिने

आभारप्रदर्शनाच्या आधी पाचही केसेसचे तक्ते पुन्हा पडद्यावर लावा. प्रत्येकासमोर तीनच रकाने: पुढे नेमकं काय करायचं, कोणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. "थेरपी वाढवावी" असं लिहू देऊ नका. "थेरपिस्टनी दर शनिवारी आजीसोबत एक तास, ऑडिओलॉजिस्टनी १५ तारखेपर्यंत वरची पातळी पुन्हा मोजून थेरपिस्टना कळवणे" असं लिहा. त्या मुलाचे सर्जन, ऑडिओलॉजिस्ट आणि थेरपिस्ट यांनी एकमेकांचे नंबर तिथेच घ्यावेत.

आठ दिवसांच्या आत सगळ्यांना तीन गोष्टी पाठवा: क्रेडिट पॉइंटचं प्रमाणपत्र, मराठी शब्दांची यादी, आणि निर्णयांचा तक्ता (मुलांच्या नावाऐवजी क्रमांक घालून). सहा आठवड्यांनी संध्याकाळी एक तासाची ऑनलाइन बैठक, फक्त त्या पाच मुलांसाठी. ज्यांनी केस मांडली ते आणि ज्यांच्याकडे काम दिलं ते, एवढेच लोक. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दोन मोजपट्ट्या भरून घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.

पुढच्या सभेची सुरुवात याच पाच मुलांच्या तक्त्याने करा, नवीन केस त्यानंतर. जिथे काम झालं नाही तिथे का झालं नाही ते नोंदवा: एसटी बंद होती, वायर मिळाली नाही, थेरपिस्टची बदली झाली, आई बाळंत झाली. त्या नोंदींवरूनच पुढच्या वेळी कोणाला बोलवायचं ते ठरतं. आमच्याकडे अशाच एका नोंदीवरून आगाराच्या व्यवस्थापकांना बोलावलं होतं, आणि थेरपीच्या दिवशी सकाळची गाडी कोणत्या थांब्यावर मिळेल ते त्यांनी पालकांना समोरासमोर सांगितलं.